ओव्हरक्लॉक काढल्यावर खरा वेग किती? नवी पेठेतील एका दुरुस्ती दुकानाचे परीक्षण

संगणकाचा ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणारे सेटिंग, काढून द्यायचा म्हटले की ते काम साधारणपणे पाच मिनिटांत उरकले जाते. बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) उघडायचे, मूळ सेटिंग परत आणणारी कळ दाबायची, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे. सोलापूरच्या नवी पेठ परिसरातील ज्या छोट्या दुकानाविषयी हे परीक्षण आहे, तेथे याच कामाला अर्धा दिवस लागला आणि तो वेळ वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही. मात्र त्यांच्या कामात दोन ठळक उणिवा राहिल्या. त्यांचाही उल्लेख करणे भाग असल्यामुळे दुकानाचे नाव देण्याचे टाळले आहे. परीक्षण कामाचे आहे, आणि असे काम कसे तपासून घ्यावे हे एकदा लक्षात आले की ते कोणत्याही दुकानात करून घेता येते.

प्रथम यंत्राविषयी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेलच्या कारखान्यावर डिझाइनची एक खोली आहे. जेकार्डचे, म्हणजे विणकामातच उमटणाऱ्या नक्षीचे, नमुने तयार करणे आणि परगावच्या व्यापाऱ्यांना पाठवायच्या कॅटलॉगसाठी टॉवेलांची चित्रे रेंडर करणे (संगणकाकडून आकडेमोडीने तयार करून घेणे), ही तेथील संगणकाची कामे. त्यात एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० हा २०१९ साली बाजारात आलेला सहा कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सहा भागांचा, प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. यंत्र वापरलेले होते. विकणाऱ्याने ‘सहाही कोअर ४.१ गिगाहर्ट्झवर लॉक’ हे वाक्य भूषण म्हणून जाहिरातीत घातले होते, आणि हिवाळाभर त्या भूषणाचा आम्हाला त्रासही झाला नाही. मार्च संपता संपता मात्र लांबलचक रेंडर चालू असताना संगणक अचानक बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला.

पहिला संशय अर्थातच विजेवर आणि यूपीएसवर गेला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसत होती. पण ही नोंद एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. लाइट गेली, वायर निघाली किंवा प्रोसेसरच अडकला, तरी नोंद तीच राहते. दुकानातील कारागिराने त्याच यादीत थोडे वर-खाली जाऊन ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाखालची १८ क्रमांकाची नोंद शोधून काढली. ही नोंद प्रोसेसरने स्वतः कळवलेल्या हार्डवेअरच्या गंभीर चुकीची असते. नुसत्या लाइट जाण्याने ती उमटत नाही. यूपीएस बदलण्याचा आमचा बेत तिथेच रद्द झाला. दुकानाला पहिले गुण मी या निदानासाठी देतो, कारण नवा यूपीएस विकण्याची आयती संधी समोर असताना त्यांनी ती घेतली नाही.

काम सुरू करण्यापूर्वी कारागिराने विचारलेला प्रश्नही नमूद करण्यासारखा आहे. “मालक, बिटलॉकर चालू हाय का? असंल तर रिकव्हरी की आधी लिहून आणा, न्हाईतर उद्या मशीन तुमालाच वळखायचं न्हाई.” बायोस मूळ स्थितीत आणले की पुष्कळ मदरबोर्डांवर टीपीएमचे (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेचे) सेटिंगही बदलते आणि मग बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद केलेली डिस्क किल्ली मागते. किल्ली हाताशी नसेल तर डिस्कवरील सर्व डिझाइन गेली म्हणून समजावे. त्याचबरोबर बूटचा क्रम, डिस्कचा मोड आणि पंख्यांचा वेगक्रम हेही मूळ स्थितीत जाते, म्हणून त्याने बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. संगणक विकत घेताना विक्रेत्याकडूनही असे फोटो मागून घ्यायला हवेत असे मला आता वाटते.

त्या फोटोंतून जे बाहेर आले ते असे. गुणक (बसच्या सुमारे १०० मेगाहर्ट्झच्या पायाभूत वेगाला ज्याने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो तो आकडा) ४१ वर बांधलेला आणि कोअरचे व्होल्टेज १.३७५ वर पक्के केलेले. यात गंमत अशी की या प्रोसेसरचा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ असला तरी कंपनीने दिलेला कमाल बूस्ट, म्हणजे गरजेप्रमाणे आपोआप वाढणारा वेग, ४.२ आहे. हाताने गुणक बांधला की रायझन आपली बूस्ट करण्याची स्वतःची यंत्रणा बाजूला ठेवतो. म्हणजे सहाही कोअर एकदम कामाला लागले तर काही मेगाहर्ट्झ जास्त मिळतात, पण एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात जेथे ४.२ पर्यंत जाता आले असते तेथे ४.१ च्या पुढे काही केल्या जाता येत नाही. आमचे जेकार्डचे सॉफ्टवेअर बराचसा वेळ एकाच कोअरवर चालते. विक्रेत्याच्या भूषणाने त्या कामाचा वेग वाढण्याऐवजी घटला होता.

व्होल्टेजची बाजू याहून महाग. प्रोसेसर खातो ती वीज क्लॉकच्या, म्हणजे वेगाच्या, सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १.२ व्होल्टच्या जागी १.३७५ दिले तर क्लॉक तेवढाच ठेवूनही वीज सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त लागते, आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. मूळ स्थितीत ३६०० हा प्रोसेसर सॉकेटमधून ८८ वॅटपेक्षा जास्त वीज घेत नाही. हाताने बांधलेल्या सेटिंगला ही मर्यादा लागू राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीचे तापमान रात्रीही फारसे उतरत नाही. कूलर कितीही चांगला असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ८० वर स्थिर होता, तोच ३८ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ९३ च्या आसपास जाणार हा साधा हिशेब आहे, आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंशांची आहे. शिवाय आमच्या खोलीत यंत्रमागांच्या बाजूने सुताची रुई येते. कूलर उतरवला तेव्हा पंख्याखालच्या पट्ट्यांवर राखाडी रुईचा जाड थर बसलेला होता, अगदी नमद्यासारखा. कारागिराने तो बोटांनी अलगद सोलून काढला, मग ब्लोअर मारला, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. कापड व्यवसायातील संगणकांसाठी ही सफाई ओव्हरक्लॉक काढण्याइतकीच महत्त्वाची आहे असे माझे मत झाले आहे.

आता प्रत्यक्ष ओव्हरक्लॉक काढण्याचे काम. बायोसमधून मूळ सेटिंग परत आणले, जतन केले, विंडोज सुरू केले आणि सीपीयू-झेड हे प्रोसेसरचा वेग दाखवणारे सॉफ्टवेअर उघडले, तर गुणक पुन्हा ४१! बायोस स्वच्छ असूनही विंडोज सुरू होताच कोणीतरी तेच सेटिंग पुन्हा बसवत होते. मदरबोर्ड कंपन्या विंडोजसाठी आपापली ट्यूनिंगची सॉफ्टवेअरे देतात आणि त्यांत जतन केलेले प्रोफाइल दर वेळी संगणक सुरू होताना आपोआप लागू करण्याची सोय असते. विक्रेत्याने तसेच एक प्रोफाइल तेथे ठेवून दिले होते. इंटेलच्या संगणकांवर एक्सटीयू या त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमुळेही असा प्रकार घडू शकतो. पाच मिनिटांत काम उरकणाऱ्याला हे कळण्याचा काही मार्गच नाही, कारण बायोसच्या पडद्यावर सर्व काही ठीक दिसते. कारागिराने ते प्रोफाइल पुसले, सॉफ्टवेअर काढून टाकले, बायोसमध्ये जतन करून ठेवलेली जुनी प्रोफाइलेही पुसली आणि मग पुन्हा एकदा मूळ सेटिंग आणले. बायोसची सेटिंगे जपणारी मदरबोर्डवरची सीएमओएसची बॅटरी काढण्याची गरज पडली नाही. बायोसपर्यंत पोहोचताच येत नसेल तेव्हाचा तो उपाय आहे. नाणे-बॅटरी काढणे म्हणजे जास्त पक्के काम अशी जी समजूत दिसते तिला फारसा अर्थ नाही.

एवढ्यावरही तो थांबला नाही, हे विशेष. मूळ सेटिंग म्हणजे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचे सेटिंग, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते मदरबोर्ड बनवणाऱ्याचे असते आणि मदरबोर्ड कंपन्यांना आपला बोर्ड इतरांपेक्षा वेगवान दिसावा अशी हौस असते. इंटेलच्या काही बोर्डांवर सर्व कोअर एकदम कमाल टर्बोवर (इंटेलच्या बूस्टवर) नेणारे सेटिंग ‘ऑटो’ या निरुपद्रवी नावाखाली चालू असते. रायझनच्या बाबतीत पीबीओ हे सेटिंग वीज व प्रवाहाच्या मर्यादा सैल करते. आमच्या बोर्डावर ते ‘ऑटो’वर होते. कारागिराने ते स्पष्टपणे बंद केले आणि त्याचा फोटो मला पाठवला. ज्याला कंपनीने ठरवलेला वेग हवा आहे त्याने ‘ऑटो’ या शब्दावर विसंबू नये.

खरा वेग तपासण्याचा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटला. विंडोजच्या सिस्टमच्या पानावर आता ३.६० गिगाहर्ट्झ दिसत होते. ते पाहून आमच्या डिझायनरचा चेहरा उतरला, कारण त्याच्या दृष्टीने संगणक अर्ध्या गिगाहर्ट्झने मंदावला होता. तो आकडा मूळ वेगाचा असतो. या क्षणी प्रोसेसर कोणत्या वेगाने चालतो आहे, हे तेथे कळत नाही. सीपीयू-झेड त्याहून बरे, कारण ते चालू घडीचा गुणक आणि बसचा वेग वाचून त्यांचा गुणाकार दाखवते. पण त्यातही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. बसचा वेग बरोबर १०० मेगाहर्ट्झ न राहता बहुधा ९९.८ च्या आसपास असतो, म्हणून ४१ गुणकाला ४१०० ऐवजी ४०९१.८ दिसते. हे आठ मेगाहर्ट्झ कोठे गेले म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. दुसरे असे की ते एका क्षणाचे छायाचित्र असते, आणि रायझन २५-२५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी सेकंदात अनेकदा वर-खाली होत असतो. पाहायला जावे तोच पाहणाऱ्या प्रोग्रॅममुळे एखादा झोपलेला कोअर जागा होतो आणि ४.२ दाखवून पुन्हा झोपतो.

कारागिराचा खरा भरवसा एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅमवर होता, आणि त्यातही ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ या नावाच्या ओळींवर. प्रोसेसरच्या आत प्रत्येक कोअरने प्रत्यक्षात किती ठोके पूर्ण केले याची मोजणी चालू असते. ठरावीक अवधीत, झोपेचा काळही धरून, ती मोजणी किती वाढली यावरून हा आकडा काढला जातो. संगणक रिकामा असताना एकाच पडद्यावर साधा कोअर क्लॉक ४१९२ आणि त्याच कोअरचा इफेक्टिव्ह क्लॉक ६० च्या आतबाहेर, असे दृश्य त्याने दाखवले. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. कोअर जागा असतो तेव्हा त्याचा वेग ४१९२ असतो, पण तो बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. काम पूर्ण भरून दिले की हे दोन आकडे एकमेकांजवळ यायला हवेत. भार असूनही ते दूर राहिले तर कोठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे.

हे केवळ पुस्तकी नाही याचा प्रत्यय तेथेच आला. उष्णता आणखी कमी व्हावी म्हणून त्याने व्होल्टेज मूळपेक्षा थोडे खाली आणून पाहण्याचे सुचवले आणि तसे करूनही दाखवले. दर्शनी क्लॉक जसाच्या तसा राहिला, तापमान उतरले आणि सर्व काही फुकटात मिळाल्यासारखे वाटले. पण इफेक्टिव्ह क्लॉक शंभरावर मेगाहर्ट्झने घसरला आणि सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचे गुणही त्याच बेताने कमी झाले. व्होल्टेज अपुरे पडले की हा प्रोसेसर न कोसळता आपले ठोकेच लांबवतो, आणि साधा क्लॉक दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. आम्ही व्होल्टेज मूळ जागी नेले.

शेवटची चाचणी सिनेबेंच आर२३ वर झाली. त्यात दहा मिनिटे सलग भार ठेवण्याची सोय असते, आणि उन्हाळ्यात त्याहून कमी वेळाची चाचणी घेण्यात अर्थ नाही, कारण कूलर पूर्ण तापायलाच तेवढा वेळ लागतो. सहाही कोअरांवर भार असताना इफेक्टिव्ह क्लॉक ३.९ गिगाहर्ट्झच्या आसपास स्थिरावला आणि तापमान मर्यादेच्या बरेच खाली राहिले. एकाच कोअरच्या चाचणीत तो ४.२ ला भिडत होता. म्हणजे रेंडरच्या कामात आम्ही साधारण पाच टक्के गमावले, ज्या चित्राला २० मिनिटे लागत त्याला आता २१ लागतात. जेकार्डच्या कामात थोडे कमावलेच. एकट्या कोअरच्या चाचणीत व्होल्टेज क्षणभर १.४ च्या वर उडी मारताना दिसते तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. हलक्या भाराला प्रोसेसर ते स्वतःच्या देखरेखीखाली घेतो. सहाही कोअर राबत असताना हाताने पक्के केलेल्या १.३७५ पेक्षा ती परिस्थिती वेगळी आहे. त्या दिवसापासून १८ क्रमांकाची नोंद यादीत आलेली नाही.

आता उणिवा. पहिली रॅमची. बायोस मूळ स्थितीत नेल्यावर रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारे एक्सएमपी प्रोफाइलही बंद होते आणि ३२०० च्या पट्ट्या २१३३ वर चालू लागतात. कारागिराने हे पाहिलेच नाही आणि यंत्र तसेच आमच्या हवाली केले. प्रोसेसरच्या बाबतीत इतकी बारकाई दाखवणाऱ्याकडून ही चूक अपेक्षित नव्हती. रायझनमध्ये कोअरांना जोडणारी आतली वाहिनी रॅमच्या क्लॉकशी जुळवून चालते, म्हणून रॅम मंदावली की प्रोसेसरचे कामही मंदावते. सीपीयू-झेडमध्ये रॅमच्या पानावर १०६६ दिसत होते. डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देत असल्याने तो आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. ‘एक्सएमपी म्हणजेसुद्धा ओव्हरक्लॉकच की’ असा बचाव त्याने केला आणि शब्दशः तो चूक नाही. परंतु या प्रोसेसरसाठी एएमडीने डीडीआर४-३२०० पर्यंतचा वेग अधिकृतपणे मान्य केलेला आहे, तेव्हा ३२०० वर चालवण्यात प्रोसेसरला काहीही जास्तीचे सोसावे लागत नाही. त्याने ते मान्य करून प्रोफाइल चालू करून दिले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, पण त्यासाठी यंत्र पुन्हा उचलून नवी पेठेत न्यावे लागले आणि तेथे गाडी लावायला जागा मिळणे म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगायला नको.

दुसरी उणीव नोंदीची. पावतीवर ‘सर्व्हिसिंग व सेटिंग’ एवढे तीनच शब्द होते. आधीचा गुणक, आधीचे व्होल्टेज, नंतरचे इफेक्टिव्ह क्लॉक, चाचणीच्या वेळचे खोलीचे तापमान यांपैकी एकही आकडा कागदावर नव्हता. मोबाइलवरचे फोटो आहेत, पण ते त्याच्या मोबाइलवर, इतर गिऱ्हाइकांच्या फोटोंमध्ये मिसळलेले. मी आग्रह धरल्यावर त्याने पावतीच्या मागे चार ओळी लिहून दिल्या. हे न मागता मिळायला हवे. पुढच्या उन्हाळ्यात यंत्र पुन्हा बंद पडू लागले तर तुलना कशाशी करणार?

पेस्ट, सफाई आणि चाचण्यांसह सहाशे रुपये घेतले. अर्ध्या दिवसाच्या कामाला हा दर माफक आहे. दुकानात बसायला एकच स्टूल आहे आणि चाचणी चालू असताना मालक आणि कारागीर दोघेही तेलुगू, कन्नड व मराठी यांच्या मिश्रणात इतर गिऱ्हाइकांशी बोलत असतात, त्यामुळे आपल्या यंत्राविषयी काही विचारायचे तर आवाज जरा चढवावा लागतो. यंत्र ठेवून जाण्यापेक्षा समोर बसूनच काम करून घ्यावे, म्हणजे भाराखालचा क्लॉक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. लॅपटॉपचे असे काम मात्र ते घेत नाहीत. बहुतेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये गुणक आणि व्होल्टेज दाखवलेलेच नसते, आणि वेग घसरण्याचे कारण तेथे बहुधा कूलरमधील धूळ किंवा विजेची मर्यादा हे असते, असे सांगून ते फक्त सफाई करून देतात.